सोन्याची विजार

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबसमधली आम्ही मराठी माणसं दिवाळीच्या कार्यक्रमाची तारीख काढताना पंचांग नंतर उघडतो. आधी ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं वेळापत्रक बघतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी तर कुणी हॉल मागतच नाही. त्या दिवशी मिशिगन विद्यापीठाशी सामना असतो. नाटक ठेवलं तर प्रेक्षक येत नाहीत, आणि आलेच तर विंगेत उभा राहून नटच स्कोअर बघत बसतो.

२०२४ साली हा शनिवार ३० तारखेला आला. सामना भर दुपारी बाराचा. एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आम्ही वीसेक जण जमलो होतो. मिसळीचा बेत होता. त्याचे आईवडील सहा महिन्यांसाठी सांगलीहून आले होते. काका तरुणपणी तालमीत घुमलेले, त्यामुळे अंगाला अंग भिडणारा कुठलाही खेळ त्यांना चालतो. ओहायो स्टेट तेव्हा देशात दुसऱ्या क्रमांकावर आणि मिशिगन त्या हंगामात पाच सामने हरून आलेला. सोपा पेपर होता. पण शेवटच्या मिनिटाला १०-१० अशी बरोबरी, आणि मिशिगनने लाथेनं चेंडू दोन खांबांमधून पलीकडे धाडून तीन गुण घेतले. १३-१०. सलग चौथ्या वर्षी हार. मग मिशिगनच्या पोरांनी आपला झेंडा मैदानाच्या मधोमध, ओहायो स्टेटच्या चिन्हावर रोवायला घेतला, हाणामारी जुंपली, आणि पोलिसांनी मिरपुडीचा फवारा सोडला. एकोणीस-वीस वर्षांची धिप्पाड पोरं डोळे चोळत बाहेर पडताना टीव्हीवर दिसत होती. काकांनी विचारलं, "ह्या पोरांना पगार किती असतो रे?"

एकदम तीन उत्तरं आली. "पगार नसतो काका, शिक्षण फुकट असतं." "पगार नसतो, पण पैसे मिळतात." तिसरा तर चिडलेलाच होता: "दोन कोटी डॉलरची टीम आहे ही, आणि अशी हरते!"

तिन्ही उत्तरं खरी होती. कोपऱ्यात पाव भाजत असलेल्या काकूंनी ती ऐकली आणि मान न वळवता म्हणाल्या, "म्हणजे मानधन."

काकू तीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. मानधन आणि वेतन यांतला फरक त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. वेतन घेणारा कर्मचारी असतो. त्याला रजा असते, ग्रॅच्युइटी असते, भांडायला कायदा असतो. मानधन घेणारी 'सेविका' असते. तिचा मान राखला जातो, तिचं कौतुक होतं, आणि हक्काची गोष्ट निघाली की तुम्ही तर स्वेच्छेनं सेवा करताय, असं हसून सांगितलं जातं. अंगणवाडी सेविकांनाही ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, एवढं सर्वोच्च न्यायालयाकडून ऐकायला २०२२ साल उजाडावं लागलं.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल गेली काही वर्षं जो वाद चालू आहे, तो बहुतेक वेळा पैशावर येऊन अडतो. पोरांना पैसे द्यावेत की नाही, दिले तर किती, पैशानं खेळ नासला का. माझ्या मते तो वाद संपलेला आहे. पैसे दिले जात आहेत आणि ते परत घेतले जाणार नाहीत. खरा प्रश्न काकूंनी ओळखला तो आहे: हे पैसे कुठल्या नावानं दिले जातात? ओहायो स्टेटचा तो हंगाम या प्रश्नाचा उत्तम दाखला आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

मिशिगनकडून हरल्यावर गावात सुतकच होतं. त्याचं कारण समजायला सोन्याच्या विजारीची गोष्ट माहीत हवी. १९३४ साली ओहायो स्टेटला फ्रान्सिस श्मिट नावाचे नवे प्रशिक्षक आले. मिशिगनची धास्ती घेतलेल्या शहराला ते म्हणाले, तीही माणसंच आहेत, आपल्यासारखीच एकेक पाय घालून विजार चढवतात. त्या वर्षी ओहायो स्टेट ३४-० ने जिंकला आणि गावातल्या हौशी मंडळींनी खेळाडूंना विजारीच्या आकाराचं सोन्याचं छोटंसं पदक दिलं. तेव्हापासून मिशिगनला हरवणाऱ्या प्रत्येक संघातल्या प्रत्येक खेळाडूला ते मिळतं. बोटाच्या पेराएवढी विजार, तिच्यावर खेळाडूची आद्याक्षरं, साल आणि स्कोअर. गळ्यातल्या साखळीत घालायची. आपल्याकडे चांदीच्या गदेला जो मान आहे, तो इथे या विजारीला.

२०२१ साली भरती झालेली एक अख्खी तुकडी होती: जॅक सॉयर, एमेका एग्बुका, ट्रेव्हियन हेंडरसन, डेन्झेल बर्क आणि आणखी काही. व्यावसायिक लीगमध्ये जायची संधी असताना ही पोरं चौथ्या वर्षासाठी मुद्दाम थांबली होती. एकदा तरी मिशिगनला हरवायचं होतं. ४२-२७, ४५-२३, ३०-२४ आणि आता १३-१०. चार वर्षं, चार हारी, विजार एकही नाही.

पूर्वीचा नियम असता तर हंगाम तिथेच संपला असता. २०१४ पासून अंतिम फेरीला चारच संघ घेत, आणि दोन हारी असलेल्या संघाला त्यात जागा मिळणं कठीण. पण २०२४ पासून बारा संघ घ्यायचं ठरलं. ओहायो स्टेटला आठवं मानांकन मिळालं. मग या संघाला काय झालं कोण जाणे. २१ डिसेंबरला घरच्या मैदानावर टेनेसीला ४२-१७ ने उडवलं. १ जानेवारीला 'रोज बोल' नावाच्या मानाच्या सामन्यात ऑरेगॉनला ४१-२१; याच ऑरेगॉनकडून ऑक्टोबरमध्ये ते एका गुणानं हरले होते. १० जानेवारीला टेक्सासशी गाठ. शेवटच्या मिनिटांत टेक्सास बरोबरी साधण्याच्या बेतात असताना सॉयरनं त्यांच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे प्रत्येक चाल सुरू करणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, हातातला चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड धावत गेला. हा क्वार्टरबॅक, क्विन युअर्स, काही काळ ओहायो स्टेटलाच होता आणि सॉयरच्या खोलीत राहायचा. धावता धावता सॉयरचे पाय जड झालेले स्पष्ट दिसत होते, पण थांबला नाही. आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ ने हरवून विजेतेपद. मिशिगनच्या हारीपासून एक्कावन्न दिवस.

ज्यांनी प्रशिक्षक रायन डे यांना हाकला म्हणून गळा काढला होता, तेच आता त्यांच्या पुतळ्याची जागा शोधू लागले. डे यांना नवा करार मिळाला, वर्षाला सरासरी १.२५ कोटी डॉलरचा. दोन्ही मुख्य साहाय्यक प्रशिक्षक, चिप केली आणि जिम नोल्स, काही दिवसांतच दुसरीकडे गेले. केली तर वर्षापूर्वीच यूसीएलए विद्यापीठाचं मुख्य प्रशिक्षकपद सोडून इथे आले होते. याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. चांगली नोकरी मिळाली, गेले. पण एखादा खेळाडू एका विद्यापीठातून दुसरीकडे गेला की निष्ठा कुठे राहिली म्हणून लेख येतात. विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून आलेला, चेंडू घेऊन धावणारा क्विनशॉन जडकिन्स मिसिसिपीहून, बचावातला केलेब डाउन्स अलाबामाहून. विकत घेतलेला संघ, असं हिणवलं गेलं. प्रशिक्षक विकत घेतले जातात तेव्हा त्याला करार म्हणतात.

आता ते दोन कोटी डॉलर. हा आकडा ओहायो स्टेटचे क्रीडासंचालक रॉस ब्यॉर्क यांनी स्वतःच जाहीर सांगितला होता: संघावर वर्षभरात साधारण तेवढे खर्च झाले. गंमत अशी की त्यातला एक डॉलरही विद्यापीठानं पगार म्हणून दिलेला नव्हता. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव, चेहरा आणि ओळख विकायची मुभा मिळाली. कल्पना अशी होती की एखादा खेळाडू गावातल्या गाडीच्या शोरूमची जाहिरात करेल, त्याचे चार पैसे घेईल. प्रत्यक्षात श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी मंडळं काढली, वर्गणी गोळा केली, आणि जाहिरातीच्या नावाखाली सरळ खेळण्याचे पैसे देऊ लागले. सगळ्यांना ठाऊक, कागदावर कुठेच नाही. गणपतीची वर्गणी बरी, निदान पावती तरी मिळते.

याच शहरात पंधरा वर्षांपूर्वी काय घडलं होतं ते आठवून पाहा. डिसेंबर २०१० मध्ये ओहायो स्टेटच्या पाच खेळाडूंना पुढच्या हंगामातल्या पाच सामन्यांसाठी निलंबित केलं गेलं. गुन्हा काय? आपल्याच मालकीच्या वस्तू विकल्या, काहींनी त्याबदल्यात गोंदवून घेतलं. क्वार्टरबॅक टेरेल प्रायरनं अजिंक्यपदाची अंगठी, एक बक्षीस आणि २००८ ची सोन्याची विजार विकली होती. सगळं मिळून २,५०० डॉलर. ते त्याला धर्मादाय संस्थेला भरायला लावले. पण जानेवारीतला मोठा सामना मात्र पाचही जणांना खेळू दिला. त्याची तिकिटं आणि टीव्हीचे हक्क विकलेले होते. प्रशिक्षक जिम ट्रेसल यांना हे प्रकरण आधीच ईमेलनं कळलं होतं आणि त्यांनी ते दडवलं. मे २०११ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. संघाला २०१२ च्या हंगामानंतरच्या सामन्यांवर बंदी आली, आणि नेमका त्याच वर्षी ओहायो स्टेट बाराच्या बारा सामने जिंकला. अजिंक्य राहून घरी बसला.

अडीच हजार डॉलर ते दोन कोटी. मधल्या काळात खेळ तोच राहिला, काम तेच राहिलं.

हे कसं चालवून घेतलं गेलं, याचं मूळ एका शब्दात आहे: 'विद्यार्थी-खेळाडू'. १९५५ साली कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजातून खेळताना रे डेनिसन डोक्याला मार लागून गेला. त्याच्या विधवेनं कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेला घाम फुटला. एकाला कामगार म्हटलं तर सगळेच कामगार ठरतील. तिचे पहिले मोठे कारभारी वॉल्टर बायर्स यांनी हा जोडशब्द रूढ केला, आणि जिथे तिथे तोच वापरला जाईल असं बघितलं. १९५७ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या बाईंचा दावा फेटाळला. १९७४ मध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा केंट वॉल्ड्रेप खेळताना मान मोडून कायमचा लुळा झाला. त्याचा दावा कोर्टकचेऱ्या करत अखेर २००० साली बुडाला. तू नोकर नव्हतास, तू विद्यार्थी होतास.

मी अमेरिकेत आलो तेव्हा मीही या पोरांवर जळत असे, हे कबूल करतो. घर गहाण टाकून काढलेल्या कर्जावर शिकायला आलेल्या माणसाला, फी माफ, राहणं-खाणं माफ, वर टाळ्या, हे बघवत नाही. 'शिक्षण फुकट मिळतं ना, मग आणखी काय पाहिजे' हे वाक्य मी स्वतः पुष्कळदा म्हटलं आहे. मी तेव्हा एका दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात संख्याशास्त्राचा शिक्षक-साहाय्यक होतो. माझ्या वर्गात फुटबॉल संघातला एक मुलगा होता. गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून शंका विचारायला यायचा, खुर्चीत मावायचा नाही म्हणून उभाच राहायचा. हुशार होता. त्याला जीवशास्त्र घ्यायचं होतं, पण प्रयोगशाळेचे तास दुपारचे आणि सरावही दुपारचा. सल्लागारानं त्याला दुसरा विषय 'सुचवला'. सकाळी साडेपाचला व्यायाम, मग वर्ग, मग चित्रफिती बघणं, मग सराव, मग अभ्यासिका. नियमाप्रमाणे हे आठवड्याला वीस तासांच्या वर जाता कामा नये.

योगायोग असा की विद्यार्थी व्हिसावरच्या मलाही आठवड्याला वीसच तासांची मर्यादा होती. फरक इतकाच की माझे वीस तास वीसच असत. महिन्याला पगाराची चिठ्ठी येई, त्यावर 'कर्मचारी' असं छापलेलं असे, जिन्यावरून पडलो असतो तर कामगार भरपाई मिळाली असती. तीस मुलांचे गृहपाठ तपासणारा मी कर्मचारी होतो, आणि ज्याला बघायला दर शनिवारी स्टेडियम भरत होतं तो नव्हता. हा हिशेब माझ्या डोक्यात तेव्हाच खटकायला हवा होता. खटकला नाही, कारण मी जळण्यात मग्न होतो.

वीस तासांचं खरं चित्र २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी युनियन करायला अर्ज केला तेव्हा बाहेर आलं. हंगामात आठवड्याला चाळीस ते पन्नास तास, असं राष्ट्रीय कामगार मंडळाच्या शिकागोतल्या अधिकाऱ्यानं नोंदवलं आणि शिष्यवृत्तीवरचे खेळाडू कर्मचारीच आहेत, असा निर्णय दिला. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमधल्या मंडळानं, ते कर्मचारी आहेत की नाहीत यावर काहीच न बोलता, या प्रकरणात आम्ही पडणार नाही म्हणून फाइल बंद केली.

आता २०२४ च्या हंगामाकडे या नजरेनं पाहा. ओहायो स्टेट सोळा सामने खेळला. ही लांबी व्यावसायिक लीगच्या जवळपास पोचते. तिथे साखळीचे सामने सतरा असतात. बारा संघांची फेरी करायची हे विद्यापीठांच्या आणि लीगच्या प्रमुखांनी ठरवलं. त्यापाठोपाठ ईएसपीएन वाहिनीशी वर्षाला सरासरी १३० कोटी डॉलरचा करार झाला. टेबलाभोवती सगळे होते, ज्यांच्या बरगड्यांवर ते जादा सामने पडणार होते ती पोरं तेवढी नव्हती. व्यावसायिक लीगमध्ये सतरावा सामना वाढवायचा होता तेव्हा खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी कराव्या लागल्या, मोबदल्यात काही द्यावं लागलं. इथे परिपत्रक निघालं.

बरगड्यांची गोष्ट काढलीच आहे तर सेथ मॅकलॉफ्लिनची सांगतो. हा संघाचा सेंटर, म्हणजे दर वेळी चेंडू मागे देऊन पुढच्या धिप्पाड माणसाला अंगावर घेणारा. टीव्हीवर त्याचं नाव चूक झाली तरच ऐकू येतं. अलाबामात असताना तसं ऐकूही आलं होतं. ओहायोत येऊन त्यानं इतकं उत्तम काम केलं की देशातल्या सर्वोत्तम सेंटरचा पुरस्कार त्यालाच मिळाला. पण नोव्हेंबरात सरावात त्याच्या टाचेची शीर तुटली. पुढचे सामने त्यानं बाहेरून बघितले. एप्रिलमधल्या व्यावसायिक निवडीत ओहायो स्टेटचे चौदा खेळाडू घेतले गेले, विक्रमाच्या जवळ जाणारा आकडा. मॅकलॉफ्लिनला कुणी निवडलं नाही; नंतर एका संघानं निवडीबाहेरून करारावर घेतलं. त्याच फळीतल्या जॉश सिमन्सचाही गुडघा ऑक्टोबरात गेला होता. तो पहिल्या फेरीत लागला. नशिबाचा खेळ म्हणा. पण नशीब फिरलं तर कामगार कायदा मदतीला येतो, आणि इथे तोच नाही. खेळणं संपल्यानंतरच्या उपचारांसाठी एनसीएएनं ऑगस्ट २०२४ पासून विमा सुरू केला, तोही दोन वर्षांपुरता. डोक्याला बसलेले धक्के दोन वर्षांत हिशेब मागत नाहीत. बोस्टन विद्यापीठानं २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत कॉलेजपर्यंतच खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांच्या मेंदूत वारंवारच्या आघातानं होणारा विकार सापडला होता. हे मेंदू त्रास जाणवलेल्या कुटुंबांनी दान दिलेले होते, त्यामुळे सगळ्याच खेळाडूंना हे प्रमाण लावता येत नाही. पण विम्याची मुदत ठरवणाऱ्यानं तो आकडा वाचलेला असावा, एवढी अपेक्षा फार नाही.

जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या खटल्यातली मोठी तडजोड मंजूर केली. खटला लावणाऱ्यांत पुढे होता तो ग्रँट हाऊस, फुटबॉलवाला नव्हे, ॲरिझोना स्टेटचा जलतरणपटू. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलर, आणि पुढे प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येतील, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त २.०५ कोटी डॉलर. पुष्कळांना वाटलं, मिटलं एकदाचं. पण ही मर्यादा ठरवली कुणी? ज्यांनी पैसे द्यायचे त्यांनी. खेळाडूंच्या संघटनेशी बोलून ठरली असती तर ती वेतनमर्यादा झाली असती, व्यावसायिक लीगमध्ये असते तशी. संघटनाच नसताना सगळ्या मालकांनी मिळून ठरवलेली मर्यादा हा दुसऱ्या कुठल्याही धंद्यात गुन्हा ठरतो. २०२१ च्या ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएला फटकारलं. तेव्हा न्यायमूर्ती कॅव्हॅनॉ यांनी वेगळं टिपण जोडून नेमकं हेच म्हटलं होतं: कामगारांना रास्त भाव न देणं हीच आमच्या मालाची खासियत आहे, असं म्हणून अमेरिकेतला दुसरा कुठलाही धंदा सुटत नाही. कॅव्हॅनॉ काही कामगार चळवळीतले नव्हेत, हे लक्षात घ्या.

म्हणून विद्यापीठांची धाव आता संसदेकडे आहे. जुलै २०२५ मध्ये मांडलेल्या 'स्कोअर ॲक्ट' नावाच्या विधेयकात दोन गोष्टी एकत्र आहेत: एनसीएएला मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण, आणि खेळाडू कर्मचारी नाहीत असा कायमचा शिक्का. पैसे देऊ, पण नातं मान्य करणार नाही. मानधन वाढवू, वेतन म्हणणार नाही. याला माझा विरोध आहे.

विरोधी बाजूचा एक मुद्दा मात्र मला गप्प करतो. ओहायो स्टेटचे एकूण छत्तीस संघ आहेत. तलवारबाजी, नेमबाजी, मुलींची नौकानयन स्पर्धा, सगळं मोठ्या प्रमाणात फुटबॉलच्या पैशावर चालतं. फुटबॉलची पोरं कर्मचारी झाली तर हे संघ आधी बंद पडतील, आणि १९७२ च्या कायद्यानं मुलींना मिळालेल्या समान संधीचं काय होईल हे आज कुणालाच नीट सांगता येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मराठी कुटुंबातली मुलगी तलवारबाजीच्या शिष्यवृत्तीवर शिकते आहे. तिच्या आईला मी माझं म्हणणं ऐकवलं तेव्हा तिनं चहा पुढे केला आणि विषय बदलला. तिचं चुकतं असं मी म्हणू शकत नाही. पण हा खर्च खेळाडूच्या गुडघ्यावर टाकायचा की प्रशिक्षकाच्या सव्वा कोटीतून, देणग्यांतून, टीव्हीच्या पैशातून काढायचा, हे ठरवणं विद्यापीठाचं काम आहे. तलवारबाजी शिक्षणाचा भाग असेल तर शिक्षणाच्या अंदाजपत्रकात ती का नाही? आणि सगळ्यांना एकच नियम कशाला हवा? जिथे टीव्हीचे कोट्यवधी येतात तिथल्या फुटबॉलपटूंना कर्मचारी माना. छोट्या कॉलेजात हौसेनं खेळणाऱ्या पोरांना विद्यार्थीच राहू द्या. बिग टेन नावाच्या लीगमध्ये आज अठरा संघ आहेत, ऑरेगॉनपासून न्यू जर्सीपर्यंत. आकड्यांशी इतकी मोकळीक घेणाऱ्यांना दोन प्रकारचे खेळाडू वेगळे करणं जमू नये, हे पटत नाही.

'मग खेळातली माया जाईल' असं म्हणणाऱ्यांना मी ओहायो स्टेडियममध्ये एकदा जाऊन यायला सांगेन. १९२२ चं ते घोड्याच्या नालेसारखं बांधकाम, त्यात १,०२,७८० माणसं. मैदानावर वाद्यवृंद चालत चालत वळणदार अक्षरात 'ओहायो' लिहितो आणि शेवटी एक वादक ऐटीत जाऊन आय या अक्षरावरचा ठिपका होऊन उभा राहतो. माझ्या पुढच्या रांगेतल्या आजोबांचे डोळे त्या ठिपक्यापाशी दर वेळी भरून येतात. २०२४ च्या दोन कोटींनंतरही आले. चांगल्या खेळीबद्दल खेळाडूच्या हेल्मेटवर बकाय झाडाच्या पानाचा एक छोटा स्टिकर चिकटवतात. हंगामअखेर हेल्मेट स्टिकरांनी भरून जातं. ती प्रथा १९६८ पासूनची, आणि ती पोरं अजूनही ते स्टिकर मोजतात. पगार मिळाला म्हणून कुणी मोजायचं थांबणार नाही. कीर्तनकाराला बिदागी दिली म्हणून अभंग खोटा होत नाही.

राहता राहिले जुने हिशेब. जिम ट्रेसल फेब्रुवारी २०२५ मध्ये ओहायो राज्याचे उपराज्यपाल झाले. गाव त्यांच्यावर आजही प्रेम करतं, आणि करू दे. ते गोंदवून घेणारे पाचही जण २०२१ मध्ये एकत्र आले आणि आमचा तो हंगाम आम्हाला परत द्या, असं त्यांनी एनसीएएला जाहीरपणे विनवलं, कारण जे केल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली ते आता रीतसर चालू होतं. उपयोग झाला नाही. २०१० साली ओहायो स्टेट बारा सामने जिंकला होता, मिशिगनला ३७-७ ने धुतलं होतं. ते बाराही विजय पुसलेले आहेत. विस्कॉन्सिनकडून झालेली एक हार तेवढी ठेवली आहे, त्यामुळे अधिकृत नोंदवहीत त्या हंगामापुढे आजही लिहिलेलं दिसतं: विजय ०, पराभव १.